‘पुराना मंदिर’ आवडणाऱ्या बाईंस

सांगलीहून एका निवृत्त शिक्षिकेने पाठवलेले पत्र थोडे संक्षिप्त करून येथे देत आहे.

“मी विश्रामबागेत राहते. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले. माझे यजमान फिल्म सोसायटीचे काम अत्यंत निष्ठेने करीत. त्यांच्याबरोबर मी बंगाली, जपानी, इटालियन असे कितीतरी चांगले चित्रपट पाहिले आणि ते मला मनापासून आवडले. यजमान जाऊन आता काही वर्षे झाली. दुपारी घरात एकटी असले की मी रामसे बंधूंचे भुताचे चित्रपट पाहते. ‘पुराना मंदिर’ तर कितीदा पाहिला असेल. ‘माहेरची साडी’ लागला तरी मी उठत नाही आणि प्रत्येक वेळी रडते. यजमान या सगळ्याला ‘भिकार’ म्हणत, त्यामुळे त्यांच्या माघारी हे पाहताना त्यांच्याशी प्रतारणा केल्यासारखे वाटते. पुण्यात शिकणारा नातू सुट्टीत मित्रांना घेऊन येतो. त्यांना असे चित्रपट खिदळत पाहायला आवडतात आणि ते मलाही आग्रहाने बसवून घेतात. मागच्या वेळी मी डोळे पुसत होते, तेव्हा सगळे हसले. येत्या नोव्हेंबरात आमच्या वाचन मंडळात ‘माझी आवडती कलाकृती’ या विषयावर बोलण्याची माझी पाळी आहे. मी एक जपानी चित्रपट ठरवून ठेवला आहे, पण ते पूर्ण खरे नाही. माझी अभिरुची हीन आहे का? मी काय करावे?”

प्रिय बाई,

तुमची अभिरुची हीन आहे असे मला वाटत नाही, आणि हे मी केवळ तुमचे मन राखण्यासाठी लिहीत नाही. जपानी चित्रपटातला संथपणा जिला रुचतो, तिलाच जुन्या हवेलीतला अंधारही धरून ठेवतो, यावरून तिची आवड रुंद आहे एवढेच सिद्ध होते. मला खटकली ती दुसरीच गोष्ट. तुमच्या पत्रात लाज तपशिलाने आली आहे आणि आवड मात्र एका वाक्यात उरकली आहे. एखाद्या विद्यार्थ्याने ‘ही कविता मला फार आवडते’ एवढेच लिहून वही दिली असती, तर तुम्ही समासात ‘का?’ असे लिहून ती परत केली असती. ‘पुराना मंदिर’ इतक्यांदा पाहूनही तो प्रश्न तुम्ही स्वतःला विचारलेला दिसत नाही, आणि माझ्या मते तुमच्या अस्वस्थतेचे मूळ चित्रपटाच्या दर्जापेक्षा या न विचारलेल्या प्रश्नातच अधिक आहे.

म्हणून आधी त्या चित्रपटांकडेच नीट पाहू. फतेहचंद रामसे यांचा कराचीत रेडिओचा व्यवसाय होता. फाळणीनंतर ते कुटुंब मुंबईत आले आणि पुढे चित्रपटनिर्मितीत उतरले. 1970 साली आलेला त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा चित्रपट पडला, परंतु त्यातल्या एका प्रसंगात पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा घालून चोरी करायला येतात तेव्हा प्रेक्षक किंचाळतात, आणि काही जण तर तेवढ्या प्रसंगासाठीच तिकीट काढतात, हे त्यांच्या मुलांच्या लक्षात आले. त्या एका निरीक्षणातून पुढचे सगळे घडले. 1972 च्या ‘दो गज जमीन के नीचे’ या चित्रपटासाठी हे कुटुंब मोजकी माणसे बरोबर घेऊन आपल्या सातारा जिल्ह्यातल्या महाबळेश्वरला येऊन राहिले. कुमार लेखन करीत, गंगू कॅमेरा सांभाळीत, किरण ध्वनी पाहत, अर्जुन संकलन करीत, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करीत, आणि घरातल्या स्त्रिया स्वयंपाकापासून पडेल ते काम उचलीत. नामांकित नट परवडत नव्हते, भव्य सेट उभारणे शक्य नव्हते, म्हणून जे जवळ होते त्यातूनच भीती निर्माण करायची होती: जुना बंगला, त्याचा लाकडी जिना, निळे आणि हिरवे दिवे, धूर, आणि करकरत उघडणारे दार. पुन्हा पाहाल तेव्हा कथेकडे थोडे दुर्लक्ष करून प्रकाश कोठून येतो आहे एवढेच पाहा. खिडकीबाहेरून येणारा निळा उजेड आणि आतला पिवळा उजेड यांच्या मधल्या पट्ट्यात माणूस उभा करण्याची गंगू रामसे यांची रीत तुमच्या डोळ्यांना फार पूर्वीपासून आवडत असणार, आणि ती आवड अगदी योग्य आहे.

‘पुराना मंदिर’ 1984 साली आला आणि त्या वर्षी भरपूर कमाई करणाऱ्या चित्रपटांत गणला गेला. समीक्षकांनी मात्र त्याला जवळ केले नाही. त्याची कथा तुम्हाला पाठ असेल, पण वाचकांसाठी सांगते. सामरी नावाच्या क्रूर मांत्रिकाला राजा हरिमानसिंग मृत्युदंड देतो, त्याचे शिर आणि धड वेगवेगळे ठेवले जाते, आणि मरताना तो शाप देतो की, या घराण्यातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. पुढच्या काळातला बाप आपल्या मुलीला प्रेमापासून आणि लग्नापासून दूर ठेवू पाहतो, त्याचे कारण हा शाप. या शापाचा तुम्ही जरूर विचार करावा असे मला वाटते. आपल्या आईच्या आणि आजीच्या पिढीत बाळंतपणात दगावलेली बाई प्रत्येक वाड्यात आणि प्रत्येक आळीत माहीत होती. पहिलटकरणीच्या माहेरी जी चिंता असे, तिला नाव नव्हते, आणि ती उघड बोलण्याचीही चाल नव्हती. प्रतिष्ठित मराठी कादंबरीने या भयाला किती जागा दिली, याचा तुम्ही मराठीच्या शिक्षिका म्हणून हिशोब करून पाहा. ज्याला सगळ्यांनी टाकाऊ म्हटले त्या भयपटाने मात्र तेच भय कथेच्या केंद्रस्थानी ठेवले आणि त्याला डोळे, केस व दात देऊन पडद्यावर उभे केले. दुपारी एकट्या असताना तुम्हाला तो चित्रपट का धरून ठेवतो, याचे उत्तर कदाचित येथेच सापडेल. सापडले नाही तरी शोधण्याची दिशा हीच आहे.

या चित्रपटाचे दोषही तुम्हीच स्वच्छपणे मांडायला हवेत. विनोदी नट जगदीप यांचे ‘शोले’च्या विडंबनाचे उपकथानक मूळ कथेशी काही संबंध नसताना अर्धा चित्रपट अडवून ठेवते. स्नानगृहातली दृश्ये कथेसाठी आलेली नाहीत, ती पुरुष प्रेक्षकाला खेचण्यासाठी घातलेली आहेत, आणि मला ती आजही खटकतात. एखादी गोष्ट आवडली म्हणजे तिच्या प्रत्येक भागाला आपली संमती आहे, असे आपण नकळत मानतो, आणि म्हणून आवड लपवावीशी वाटते. संमती आणि आवड या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या की लपवण्याची गरजच उरत नाही.

तुम्ही सांगलीत राहता म्हणून आणखी एक गोष्ट तुमच्यासमोर ठेवते. 1843 साली सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केले, त्या घटनेचे स्मरण म्हणून 5 नोव्हेंबर हा दिवस आपण रंगभूमी दिन मानतो आणि भाव्यांच्या नावाचे गौरवपदक सांगलीत मोठ्या सन्मानाने दिले जाते. त्या परंपरेतल्या नाटकांत राक्षस कसे प्रवेश करीत, हे तुम्ही वर्गात शिकवले असेल. तोंड रंगवलेले, हातात तलवार, मशालीवर राळ उडवून केलेला भडका आणि ‘अलल डुर्र’ अशी आरोळी. पुढे इंग्रजी शिकलेल्या आणि संस्कृत व इंग्रजी नाटकांची भाषांतरे पाहू लागलेल्या पिढीला हे राक्षस गावंढळ वाटले, आणि त्या नाटकांना ‘अललडुर्र’ हे नाव हेटाळणीनेच चिकटले. सामरीला मी त्या राक्षसांच्या पंक्तीला नेऊन बसवत नाही. हेटाळणी झालेली प्रत्येक गोष्ट पुढे थोर ठरते असे मुळीच नाही, बहुतेक गोष्टी विसरल्याच जातात. परंतु अंधार, अचानक उजळलेला भेसूर चेहरा, मोठा आवाज आणि शेजारी बसलेल्या माणसाचा हात घट्ट धरावासा वाटणे, हा आनंद तुमच्या गावाला परका नाही आणि तो खालच्या दर्जाच्या माणसांचाच असतो असेही नाही. सांगलीच्या राजवाड्यात बसलेल्या मंडळींनी तो घेतलेला आहे.

‘माहेरची साडी’ची गोष्ट अधिक अवघड आहे, कारण तेथे टीका अधिक खरी आहे. विजय कोंडके यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट 1991 साली आला. तो एका राजस्थानी चित्रपटावरून केलेला होता. अलका कुबल यांची त्यातली सोशिक सून महाराष्ट्रात घरोघरी पोहोचली, आणि बायका जथ्याजथ्याने चित्रपटगृहात आल्या. टीकाकारांनी त्याला रडपट ठरवले. स्त्रीने छळ सोसत राहावे आणि त्या सोसण्यातच तिचे मोठेपण मानावे, असा संस्कार हा चित्रपट करतो, हा त्यांचा आक्षेप होता. तो आक्षेप मला मान्य आहे, आणि तुमची सून किंवा नात तुमच्या शेजारी बसून हा चित्रपट पाहत असेल, तर तो तुम्ही तिला मोठ्याने सांगावा असेही मला वाटते.

मात्र त्या आक्षेपाच्या आडून रडणाऱ्या बायकांची जी टिंगल झाली, ती मला कधीच पटली नाही. जात्यावरच्या ओव्या आठवा. माहेरची वाट, मुऱ्हाळी म्हणून आलेला भाऊ, सासरचा जाच, आईच्या मांडीवरचे डोके, हेच विषय पिढ्यान्‌पिढ्या तेथे आले आहेत, आणि त्या ओव्यांचे संग्रह करून आपण त्यांना लोकसाहित्य म्हणून अभ्यासक्रमात मानाने लावले. दळणकांडण गिरणीत गेले, जाते कोपऱ्यात गेले, पण सासरी नांदणाऱ्या बाईचे दुःख काही त्याबरोबर गेले नाही. घरात जिला रडण्याची मुभा नव्हती, तिला अंधाऱ्या चित्रपटगृहात शंभर बायकांच्या मध्ये बसून रडता आले. चित्रपटाने तिला दिलेला उपदेश चुकीचा होता, परंतु तिने तेथे ओळखलेले दुःख खरे होते, आणि ते ओळखण्याइतकी ती शहाणी होती. तुमचे डोळे कशाने भरून येतात हे मला माहीत नाही. ते त्या उपदेशाने भरून येत नसावेत, असा माझा अंदाज आहे.

वाईट नाव मिळण्याची कारणेही एकसारखी नसतात, म्हणून सगळ्या बदनाम चित्रपटांना एकच माप लावू नका. 2004 साली आलेला ‘स्वदेस’, ज्याचे गाव आपल्या वाईजवळच्या मेणवलीत चित्रित झाले, तो तिकीटबारीवर अपेक्षेइतका चालला नाही आणि काही काळ अपयशी म्हणून ओळखला गेला. आज तो कोणी वाईट म्हणत नाही. दादा कोंडके यांच्यावर अश्लीलतेचा ठपका होता, तरी 1971 च्या ‘सोंगाड्या’पासून पुढचे त्यांचे ओळीने नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी ठरले. त्या आरंभीच्या चित्रपटांतला वगनाट्याचा हजरजबाबीपणा मला फार मोलाचा वाटतो, आणि नंतरच्या काही हिंदी चित्रपटांत केवळ द्व्यर्थी शब्दच उरले असेही वाटते. पैशाचे अपयश, नीतीचा आक्षेप, हलकी निर्मिती, अतिभावुकता, ही कारणे वेगळी आहेत, आणि त्यांतली काही चित्रपटापेक्षा तो पाहणाऱ्या माणसांविषयीच अधिक बोलतात.

आता तुमच्या यजमानांविषयी. हा तुमच्या पत्रातला सर्वांत नाजूक भाग आहे, आणि तुम्ही तो एका वाक्यात लिहिला असला तरी मी त्यावर बराच विचार केला. फिल्म सोसायटीची चळवळ ज्या निष्ठेने उभी राहिली, ती मी कमी लेखत नाही. 1959 साली सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली देशभरातल्या सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला, आणि गावोगावच्या तुमच्या यजमानांसारख्या माणसांनी नोकऱ्या सांभाळून चित्रपटांचे डबे स्टेशनवरून उतरवून घेतले, म्हणून लहान शहरांना जगाचा चित्रपट दिसला. ज्याला एवढ्या खटपटीने चांगले दाखवायचे आहे, तो माणूस वाईटावर कडक होतो, हे स्वाभाविक आहे. परंतु त्याच चळवळीचा मोठा आधार असलेल्या पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांची भूमिका त्यांनाही ठाऊक असणार. 1964 साली सुरू झालेल्या त्या संग्रहालयासाठी नायर यांनी आयुष्य वेचले, आणि चित्रपट चांगला की वाईट हे ठरवून मग तो जतन करणे हे संग्राहकाचे काम नव्हे, हाती येईल तो प्रत्येक चित्रपट वाचवला पाहिजे, असे ते मानीत. म्हणजे चित्रपटावरच्या निष्ठेत निवडक प्रेमालाही जागा होती आणि सरसकट प्रेमालाही. तुमच्या घरात ती दोन माणसांत वाटली गेली होती, एवढेच. यजमान असताना तुम्ही हे चित्रपट पाहिले नाहीत, ते त्यांच्यावरच्या आदराने. आज पाहता, त्यात त्या आदरातून काही वजा होत नाही. त्यांच्याशी तुमचा जो वाद कधी झालाच नाही, तो आता मनातल्या मनात करायला हरकत नाही. त्यांची बाजू तुम्हाला चांगली माहीत आहे, तुमची बाजू मात्र पहिल्यांदाच मांडावी लागेल.

नातवाच्या बाबतीत तुम्ही दोन गोष्टी एकत्र केल्या आहेत, त्या वेगळ्या करा. वाईट चित्रपट मिळून हसत पाहण्याची रीत जगभर आहे आणि ती नेहमी दुष्ट नसते. अमेरिकेत एड वुड या दिग्दर्शकाच्या ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ या 1950 च्या दशकातल्या चित्रपटाला 1980 साली ‘आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट’ ठरवण्यात आले. त्या अपकीर्तीमुळेच लोक तो शोधून पाहू लागले, आणि हसता हसता पुष्कळांना त्या धडपड्या माणसाविषयी खरा जिव्हाळा वाटू लागला. आपल्याकडे 1998 च्या ‘गुंडा’ या हिंदी चित्रपटाला तरुण मुलांनी असेच डोक्यावर घेतले. त्यातली पात्रे यमक जुळवून स्वतःची ओळख करून देतात, आणि ती यमके मुलांना तोंडपाठ असतात. पण त्याच चित्रपटात स्त्रियांवरच्या अत्याचाराचे प्रसंग आहेत, आणि सगळ्यालाच हसायचे असे ठरवून बसले की त्या प्रसंगांवरूनही हसू घरंगळत पुढे जाते. असे हसणे मला चालत नाही, आणि तुमच्या घरात ते झाले तर तुम्ही तेथेच थांबवावे.

चित्रपटाला हसणे आणि त्यात रंगलेल्या माणसाला हसणे यांतला फरक वीस वर्षांच्या मुलाला सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि तुम्ही तो सांगितलेला नाही. मित्रांसमोर नको, तो एकटा असताना सांगा. “तुम्ही रबरी मुखवट्याला हसलात त्याचे मला काही वाटले नाही, पण मी रडत असताना हसलात ते मला लागले,” इतक्या साध्या शब्दांत. तो तुमच्यावर प्रेम करतो, नाहीतर त्याने मित्रांमध्ये आजीला आग्रहाने बसवले नसते. पुढच्या सुट्टीत मुले आली की एकच अट घाला: पहिल्यांदा चित्रपट मध्ये न बोलता अखेरपर्यंत पाहायचा, आणि मग प्रत्येकाने त्यातली खरोखर आवडलेली एक तरी गोष्ट सांगायची. त्यानंतर हवे तेवढे हसावे. त्यांना महाबळेश्वरची हकिगत सांगा. हाती मोबाइल घेऊन चित्रफिती करणाऱ्या मुलांना, एका कुटुंबाने घरच्या माणसांवर चित्रपट उभा केला, ही गोष्ट तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल.

राहिला वाचन मंडळाचा प्रश्न. जपानी चित्रपट सोडून द्या आणि ‘पुराना मंदिर’वर बोला. ‘माहेरची साडी’ निवडू नका, कारण त्यावर सभेत वाद इतका पेटेल की तुमचे बोलणे बाजूला राहील. बोलताना आरंभी क्षमा मागू नका, आणि ‘हा खरे तर वाईटच चित्रपट आहे, पण’ अशी सुरुवात तर अजिबात करू नका. तिने श्रोत्यांना हसण्याची परवानगी मिळते आणि मग ते तुमचे मुद्दे ऐकत नाहीत. रामसे श्रेष्ठ आणि समीक्षक ढोंगी, असे सिद्ध करण्याच्या भरीसही पडू नका. शापाचा प्रसंग आणि हवेलीतला रात्रीचा एखादा प्रसंग, एवढे दोनच निवडा आणि ते वर्गात एखादे कडवे समजावून द्यावे तसे उलगडून सांगा. उजेड कोठून येतो, आवाज कधी थांबतो, बाप मुलीकडे पाहताना काय लपवतो. स्नानगृहातल्या दृश्यांविषयीचा आक्षेप कोणी काढण्याची वाट न पाहता तुम्हीच काढा. नोव्हेंबर महिना आहे, म्हणून भाव्यांच्या राक्षसांचा उल्लेख सहज करता येईल, पण तो शेवटी करा, आधी केलात तर तुम्ही इतिहासाच्या आधाराने आवडीला प्रमाणपत्र मिळवू पाहता आहात असे वाटेल.

प्रसंग पडद्यावर दाखवण्याची सोय असेल तर ते काम नातवाकडे सोपवा, आणि त्याला आदल्या दिवशीच बोलावून घ्या, म्हणजे आवाज आणि खोलीतला अंधार दोन्ही नीट जमले आहेत का ते पाहता येईल. रामसेंचा प्रसंग भर उजेडात, दारे उघडी ठेवून दाखवला तर तो फसतो.